घरी एस्प्रेसो काढायचाय? आधी दळण सांभाळा

लग्नाच्या हॉलमध्ये स्टॉलवर मिळणारी ‘एस्प्रेसो कॉफी’, म्हणजे इन्स्टंट पावडर, साखर, वाफेने फेसाळलेलं दूध आणि वरून कोकोची चिमूट, हा इथला विषय नाही. ती कॉफी चांगली लागते, पण तिच्यात एस्प्रेसो नसतो. एस्प्रेसो म्हणजे अगदी बारीक दळलेल्या कॉफीतून ९० ते ९६ अंश तापलेलं पाणी साधारण ९ बार दाबाने ढकलून अर्ध्या मिनिटात काढलेला दाट अर्क. कॅपुचिनो, लाटे, अमेरिकानो, कोर्टाडो ही सगळी पेयं या ३०-४० ग्रॅम अर्कावर उभी असतात. अर्क बिघडला, तर दुधावर कितीही सुंदर पान उमटवा, कप बिघडलेलाच राहतो.

नवीन माणूस बहुतेक वेळा सगळे पैसे मशीनवर घालतो आणि ग्राइंडरवर काटकसर करतो. खरं तर हे उलट हवं. साधं मशीन आणि चांगला ग्राइंडर असेल तर उत्तम कॉफी निघते. महागडं मशीन आणि दुकानातून दळून आणलेली पावडर असेल तर कधीच निघत नाही. बजेटचा निदान तिसरा हिस्सा ग्राइंडरसाठी बाजूला काढा.

१. काय काय लागेल

- एस्प्रेसो मशीन
- बर ग्राइंडर, हाताचा किंवा विजेचा, एस्प्रेसोइतकं बारीक दळणारा
- ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा. तो ड्रिप ट्रेवर कपाखाली मावला पाहिजे
- बास्केटच्या, म्हणजे कॉफी भरायच्या भोकांच्या वाटीच्या, नेमक्या मापाचा टॅम्पर, म्हणजे दळण दाबायचा दट्ट्या (घरगुती मशीनमध्ये ५१, ५४ किंवा ५८ मिमी). मशीनसोबत येणारा प्लास्टिकचा टॅम्पर बाजूला ठेवा
- दळण ढवळायला बुचात खोचलेल्या चार-पाच बारीक सुया, जाडी ०.३ ते ०.४ मिमी
- चोच असलेला ३५० मिलीचा स्टीलचा जग
- दोन कापडं: एक ओलं, फक्त वाफेच्या नळीसाठी, दुसरं कोरडं, बास्केट पुसायला
- एस्प्रेसो मशीनची क्लीनिंग पावडर आणि लिंबूसत्त्व

घरातला मिक्सर इथे चालत नाही. पातं बिया कापत नाही, फोडतं. अर्धं पीठ होतं, अर्धा रवा राहतो. पिठातून कडवटपणा उतरतो, रव्यातून आंबटपणा, आणि दोन्ही एकाच कपात येतात. बर ग्राइंडरमध्ये दोन दातेरी चकत्यांमधलं अंतर ठरलेलं असतं, म्हणून दाणा एकसारखा पडतो. जात्याच्या दोन पाळींचंच तत्त्व आहे हे.

२. मशीन घेताना

खोक्यावरच्या ‘१५ बार’, ‘२० बार’ या आकड्यांकडे लक्ष देऊ नका. तो पंपाचा कमाल दाब असतो. कॉफीला ९ बारच्या आसपास दाब पुरतो, जास्त झाला तर पाणी कॉफीतून भोकं पाडत निघून जातं.

बघायचं ते बास्केटकडे. ती उजेडाकडे धरा. आतून शेकडो भोकं दिसतात, पण खालून एकच बारीक छिद्र आहे, असं असेल तर ती दुहेरी तळाची, म्हणजे प्रेशराइज्ड बास्केट. ती त्या एका छिद्रातून दाब तयार करते आणि कसल्याही पावडरीवर फेस आणते. तो फेस साबणासारखा फुगतो आणि मिनिटभरात बसतो. खालूनही शेकडो भोकं दिसली तर ती साधी, एकेरी तळाची बास्केट. शिकायचं ते हिच्यावर. अनेक छोट्या मशीनसोबत फक्त दुहेरी तळाची येते. त्याच मापाची एकेरी बास्केट वेगळी मिळते का, हे मशीन घेण्याआधीच तपासा.

विजेचं बघा. घरगुती मशीन साधारण १,१०० ते १,५०० वॅट घेतं. ६ अँपियरच्या सॉकेटची मर्यादा २३० व्होल्टला १,३८० वॅट. म्हणून १६ अँपियरचा पॉइंट वापरा, आणि त्याच एक्स्टेन्शनवर मिक्सर किंवा इंडक्शन लावू नका.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून मशीन मागवण्याचा मोह अनेकांना होतो. तिथलं मशीन १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचं असतं. इथे थेट लावलं तर जळेल. ट्रान्सफॉर्मर लावला तरी तो दीड-दोन हजार वॅटचा अवजड डबा लागतो, आणि फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच राहिल्यामुळे आतला कंपन पंप मंदावतो. युरोपातलं मशीन मात्र प्लग बदलून चालतं.

३. बिया आणि पाणी

पाकिटावर एक्स्पायरीपेक्षा भाजल्याची तारीख शोधा. ती नसेल तर पाकीट घेऊ नका. भाजल्यावर बियांमधून कार्बन डायऑक्साइड निघत राहतो. पहिल्या आठवड्यात तो इतका असतो की शॉट, म्हणजे एका वेळी काढलेला अर्क, फुसफुसतो आणि हाती लागत नाही. आठ-दहा दिवसांनी वापरायला सुरुवात करा आणि महिना-दीड महिन्यात संपवा. डबा घट्ट झाकणाचा हवा. रोजच्या वापराच्या बिया फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्या की त्यांना घाम फुटतो, आणि पावसाळ्यात तर लगेच. जास्त दिवस ठेवायच्याच असतील तर एकेका शॉटचं वजन करून हवाबंद पुड्या फ्रीझरमध्ये ठेवा आणि थंडगारच दळा.

सुरुवातीला मध्यम ते मध्यम-गडद भाजलेल्या भारतीय बिया घ्या. चिकमगळूर, कोडगू, बाबाबुदनगिरी, अराकू इथल्या अरेबिका जातीच्या कॉफींना आणि वायनाडच्या रोबस्टा जातीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांत निवडीला भरपूर वाव आहे. मान्सून्ड मलबार आवर्जून चाखून बघा. मलबार किनाऱ्याच्या गोदामांत पावसाळी वारं खाऊन बी फुगते, पिवळट होते, तिचा आंबटपणा जातो. आंबट कॉफी न आवडणाऱ्याला ती पहिल्याच घोटात पटते. मिश्रणात थोडा रोबस्टा असेल तर क्रेमा, म्हणजे शॉटवरचा तपकिरी फेस, दाट येतो आणि दुधात कॉफीची चव हरवत नाही.

चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफी पावडर या मशीनमध्ये घालू नका. इन्स्टंट पावडर तर नाहीच, ती विरघळून वर जाळीत आणि झडपेत शिरते.

पाणी हा दुर्लक्षित विषय आहे, आणि मशीन त्यावरच लवकर मरतं. बोअरवेलचं जड पाणी काही महिन्यांत बॉयलरमध्ये क्षार धरतं. बाथरूमच्या नळावर पांढरे डाग पडत असतील तर ते पाणी टाकीत नको. उलट टोकाला, आरओचं २०-३० टीडीएसचं (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) पाणी वापरलं की कॉफी सपक लागते, आणि पाण्याची पातळी विजेच्या प्रोबने ओळखणाऱ्या काही मशीनना टाकी रिकामीच वाटते. ७५ ते १५० च्या दरम्यान टीडीएस ठेवा. आरओच्या पाण्यात गाळलेलं नगरपालिकेचं पाणी मिसळलं की बहुतेक शहरांत हे जमतं. स्वस्त टीडीएस मीटर एकदा घेऊन ठेवा.

४. शॉट काढण्याचा क्रम

मशीन चालू करून तयार असल्याचा दिवा लागला म्हणजे मशीन तापलं असं नाही. फक्त आतलं पाणी तापलेलं असतं. पितळी बॉयलरच्या ५८ मिमी मशीनला पोर्टाफिल्टर (बास्केट बसवायचा मुठीचा दांडा) लावून १५-२० मिनिटं द्या. थर्मोब्लॉकवाल्या, म्हणजे बॉयलरऐवजी पाणी वाहतानाच तापवणाऱ्या, छोट्या मशीनमध्ये रिकाम्या पोर्टाफिल्टरमधून एक-दोनदा गरम पाणी सोडा, ते पाणी कपात घ्या म्हणजे कपही तापतो. थंड धातूत पहिला शॉट हमखास आंबट येतो.

मग असं करा. बास्केट कोरडी पुसा. बियांचं वजन करा: ५८ मिमीच्या डबल बास्केटला १८ ग्रॅम, ५१ मिमीच्या लहान बास्केटला साधारण १३ ते १५ ग्रॅम. दळा. दळण बास्केटमध्ये घालून सुयांनी तळापासून वरपर्यंत गोल गोल ढवळा, गुठळ्या मोडल्या पाहिजेत. पोर्टाफिल्टर ओट्यावर एकदा हलकेच आपटा आणि टॅम्परने सरळ खाली दाबा. दाब किती, यावर लोक फार वाद घालतात. दाबलेल्या कॉफीची चकती आणखी दबत नाही इतका जोर लागला की काम झालं. महत्त्व आहे ते पातळीला. एक बाजू एक मिलिमीटर खाली गेली तरी पाणी उताराच्या बाजूने पळतं.

बास्केटमध्ये कॉफी जास्त झाली का, हे कळायला दाबलेल्या चकतीवर धुतलेलं पाच रुपयांचं नाणं ठेवा, पोर्टाफिल्टर मशीनला लावा आणि पाणी न सोडता काढा. नाणं चकतीत रुतलं असेल तर अर्धा-एक ग्रॅम कमी करा. पाणी शोषून कॉफी फुगते, तिला वर जागा लागते.

आता काट्यावर कप ठेवा, शून्य करा, पंप चालू करा आणि त्याच क्षणी सेकंद मोजायला लागा. पहिले पाच-आठ सेकंद काहीच येणार नाही. मग गडद तपकिरी थेंब आणि त्यानंतर उंदराच्या शेपटीसारखी बारीक धार. काट्यावर ३३-३४ ग्रॅम दिसले की पंप बंद करा. उरलेले दोन-तीन ग्रॅम आपोआप ठिबकतात आणि ३६ भरतात.

काही मशीनमध्ये पंप बंद होताच ‘फुस्स’ आवाज होऊन दाब ड्रिप ट्रेत सुटतो. तुमच्या मशीनमध्ये तसं होत नसेल, तर पोर्टाफिल्टर लगेच फिरवू नका. आत दाब अडकलेला असतो, गरम चोथा अंगावर उडतो. पूर्ण मिनिट थांबा.

५. दळण जुळवणं

खरं काम इथे आहे, आणि बहुतेक जण इथेच कंटाळतात. नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदला. कॉफी १८ ग्रॅम कायम, कपातला अर्क ३६ ग्रॅम कायम, फक्त दळण बदलायचं. लक्ष्य २५ ते ३० सेकंद.

दळण बोटांत चोळून बघा. बारीक रव्यापेक्षा बारीक आणि पिठीसाखरेपेक्षा किंचित खरखरीत लागलं पाहिजे. चिमटीत दाबल्यावर बोटांची रेघ त्यावर उमटते, पण ते पिठासारखं चिकटत नाही.

समजा पहिला शॉट १४ सेकंदांतच ३६ ग्रॅमवर पोचला. धार सुरुवातीपासून पिवळट, क्रेमा पातळ, चव आंबट आणि पाणचट. पाणी कॉफीत थांबलंच नाही. दळण बारीक करा. विजेच्या ग्राइंडरमध्ये बारीककडे जाताना मोटर चालू असताना फिरवा, नाहीतर चकत्यांत अडकलेले दाणे चिरडून सेटिंग अडतं.

इथे एक सापळा आहे. ग्राइंडरच्या पोटात आधीचं दोन-तीन ग्रॅम दळण अडकलेलं असतं. सेटिंग बदलून लगेच शॉट काढला तर जुनं आणि नवं मिसळतं, वेळ जेमतेम बदलते. मग माणूस आणखी बारीक करतो, आणि त्यापुढचा शॉट एकदम तुंबतो. सेटिंग बदलल्यावर तीन-चार ग्रॅम दळून टाकून द्या आणि मगच मोजा. हाताच्या ग्राइंडरमध्ये हा त्रास फारसा नाही.

दुसऱ्या टोकाला ४५ सेकंद झाले तरी थेंबथेंबच. चव करपलेल्या पोळीसारखी, जीभ कोरडी. दळण जाड करा.

चव ओळखताना मराठी जिभेकडे एक मोठी सोय आहे: आपण आंबट, कडू आणि तुरट हे तीन वेगळे शब्द रोज वापरतो. लिंबासारखा झोंबणारा आंबटपणा म्हणजे अर्क कमी उतरला. कारल्यासारखा किंवा करपट कडवटपणा म्हणजे जास्त उतरला. आणि एकाच घोटात आंबटही लागलं, शिवाय आवळा किंवा कच्ची सुपारी खाल्ल्यासारखा तुरटपणाही आला, तर दळणाचा दोष नाही. चकतीत भेग पडली आहे. पाणी त्या भेगेतून धावलं, तिथली कॉफी ओरबाडली गेली आणि बाकीची तशीच राहिली. अशा वेळी सेटिंगला हात न लावता सुयांनी नीट ढवळा आणि टॅम्पिंगची पातळी बघा. तळ उघडा असलेला पोर्टाफिल्टर असेल तर हे डोळ्यांनी दिसतं: एका बाजूने पिचकारी उडते, दुसरी बाजू कोरडी राहते.

काही ग्राइंडरमध्ये एका खाचेने वेळ पंधरा सेकंदांनी उडी मारते. एक खाच २१ सेकंद, पुढची ३६. तेव्हा बारीक खाच ठेवून कॉफी अर्धा ग्रॅम कमी करा.

वेळ जमली आणि चव अजून टोचते आहे, तर मग प्रमाणाला हात घाला. गडद भाजणीला १८ ग्रॅममधून २७ ते ३२ ग्रॅम अर्क पुरे, तापमान ९० च्या आसपास. हलक्या भाजणीला ४५ ग्रॅमपर्यंत जा, पाणी ९४-९६ अंश. सेकंद हे केवळ वाट दाखवतात. ३३ सेकंदांचा शॉट गोड लागत असेल तर तो २८ वर ओढायची गरज नाही.

२५० ग्रॅमच्या पाकिटात १८ ग्रॅमचे तेराच शॉट निघतात आणि जुळवण्यात चार-पाच जातात. म्हणून पहिल्यांदा एकाच बियांची दोन पाकिटं घ्या. दर आठवड्याला बी बदलली तर हात कधीच बसत नाही. जुळवताना सगळे शॉट पिऊ नका, चमचाभर चाखून ओता, नाहीतर रात्री झोप येणार नाही. आणि एकदा जमलेलं सेटिंग कायमचं धरू नका. पाकीट जुनं होत जातं तसा शॉट वेगाने पडायला लागतो, दर तीन-चार दिवसांनी दळण किंचित बारीक करावं लागतं. मुंबई-कोकणात पावसाळा लागला की तेच सेटिंग पुन्हा हलतं.

६. दूध

पिशवीतलं दूध पाश्चराइज्ड असतं, ते फ्रिजमधून काढून थेट वापरा. तापवलेलं दूध वापरायचं असेल तर पूर्ण थंड करून साय गाळून घ्या. सायीच्या चिंध्या फेसात दिसतात. शिकताना टोन्ड (३ टक्के स्निग्धांश) किंवा गायीचं दूध घ्या, त्याचा फेस सहज बनतो. ६ टक्क्यांचं फुल क्रीम चवीला भरदार, पण फेस जड होतो. हात बसल्यावर त्याकडे जा. दूध शिळं होत आलं असेल तर ते फेसाळत नाही, फक्त तापतं. मग दोष हाताला देऊ नका.

एकाच बॉयलरच्या मशीनमध्ये आधी शॉट, मग वाफ. वाफेचं बटण दाबून दिवा लागेपर्यंत थांबा आणि नळीतलं साचलेलं पाणी कापडात सोडून द्या. जग चोचीच्या तळापर्यंत भरा, त्याहून जास्त नाही. नळीचं टोक दुधाच्या पृष्ठभागाखाली जेमतेम बुडवा आणि वाफ पूर्ण उघडा. कागद फाटल्यासारखा ‘च्च च्च’ आवाज आला पाहिजे. किंचाळल्यासारखा आला तर टोक खोल आहे. मोठे बुडबुडे उसळले तर वर आहे. लाटेसाठी हा आवाज दोन-तीन सेकंद, कॅपुचिनोसाठी पाच-सहा. जग हाताला कोमट लागण्याआधी हवा भरणं संपलं पाहिजे. मग टोक सेंटिमीटरभर खाली घ्या, जग जरा तिरपा करा आणि दूध भोवऱ्यासारखं फिरू द्या. मोठे बुडबुडे या भोवऱ्यातच मोडतात.

जगाला हात लावून ठेवता येईनासा झाला की वाफ बंद करा. तेव्हा दूध ६० अंशांच्या आसपास असतं आणि बंद केल्यावरही दोन-तीन अंश चढतं. ७० च्या पुढे गोडवा जातो आणि उकळलेल्या दुधाचा वास येतो. आपल्याकडे उकळत्या चहाची सवय असल्यामुळे पाहुणे ‘गार आहे’ म्हणतात. उपाय दूध जास्त तापवणं हा नाही. कप उकळत्या पाण्याने तापवून घ्या आणि लगेच द्या, फरक हाताला कळतो.

जग ओट्यावर एकदा आपटून गोल फिरवत राहा. ओल्या ऑइलपेंटसारखी चकाकी आली की ओता. नळीवर हवेचं भोक असलेली प्लास्टिकची टोपी असेल तर ती फार फेस करते. काढता येत असेल तर काढा.

वाफ झाल्यावर गरम पाण्याचा मार्ग उघडून बॉयलर पुन्हा भरा आणि पाणी थुंकायचं थांबेपर्यंत सोडा. हे विसरलात तर पुढचा शॉट जळका येतो, आणि बॉयलरमधली कॉइल उघडी पडून खराब होऊ शकते.

७. पेयांची मापं

सगळी ३६ ग्रॅमच्या डबल शॉटवर. कोर्टाडो: तेवढंच दूध, फेस जवळपास नाही. कॅपुचिनो: १५० ते १८० मिलीचा कप, वर सेंटिमीटरभर मऊ फेस. लाटे: २२० ते २५० मिली, पातळ फेस. अमेरिकानो: कपात आधी १२० मिली गरम पाणी, मग वरून शॉट, म्हणजे क्रेमा टिकतो. आइस्ड लाटेसाठी बर्फ आणि १५० मिली थंड दूध आधी, शॉट शेवटी. साखर घालायची तर दूध ओतण्याआधी गरम शॉटमध्ये विरघळवा, नंतर ढवळलं की फेस मोडतो.

८. सफाई

वाफेची नळी दूध झाल्याच्या क्षणी ओल्या कापडाने पुसा आणि सेकंदभर वाफ सोडा. मिनिटभर उशीर झाला की दूध वाळतं आणि आत ओढलं गेलेलं दूध नासतं. प्रत्येक शॉटनंतर चोथा झटकून दोन-तीन सेकंद पाणी सोडा. आठवड्याला बास्केट आणि पोर्टाफिल्टरचा धातूचा भाग क्लीनिंग पावडरच्या गरम पाण्यात १५ मिनिटं भिजवा. बाहेर येणारं पाणी चहासारखं लाल झालेलं बघितलं की रोजच्या कपातला खवट वास कुठून येत होता ते कळतं. बंद, म्हणजे बिनभोकांची, बास्केट लावून उलट धुणं, म्हणजे बॅकफ्लश, फक्त ‘फुस्स’ करून दाब सोडणाऱ्या मशीनमध्येच करा. इतर मशीनमध्ये त्याने पंपावर ताण येतो.

क्षार काढायला लिटरभर पाण्यात २० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवा. अर्धं मशीनमधून सोडा, १५ मिनिटं थांबा, उरलेलं सोडा आणि मग दोन टाक्या साधं पाणी. आधी पुस्तिका वाचा: काही कंपन्या स्वतःचंच द्रावण वापरायला सांगतात, आणि अॅल्युमिनियमच्या बॉयलरमध्ये आम्ल जास्त वेळ राहता कामा नये. जड पाणी असेल तर दोन-तीन महिन्यांनी, मऊ असेल तर सहा महिन्यांनी.

पोर्टाफिल्टर लावताना तो नेहमीपेक्षा पुढे फिरायला लागला किंवा कडेने पाणी गळायला लागलं, तर वरचं रबरी गॅस्केट कडक झालेलं असतं. ते स्वस्त असतं आणि स्क्रूड्रायव्हरने निघतं. पावसाळ्यात टाकीत रात्रभर पाणी ठेवू नका, दोन दिवसांत आतून बुळबुळीत होते. ड्रिप ट्रे मात्र बाराही महिने रोज रात्री रिकामा करा. त्यातल्या दुधाच्या थेंबांवर सकाळपर्यंत मुंग्यांची रांग लागलेली असते.